चिठ्ठीवर नुसतं ‘सिकल पॉझिटिव्ह’ लिहू नका

नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात सिकलसेलचं तपासणी शिबिर झालं की काही दिवसांनी घरात पाव कागदाची एक चिठ्ठी येते. नाव, वय, गाव आणि खाली दोन शब्द: ‘सिकल पॉझिटिव्ह’. चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जाऊन बसते आणि मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली की बाहेर येते. तोवर त्या दोन शब्दांचा अर्थ घरात ‘हिला रक्ताचा आजार आहे’ असा पक्का झालेला असतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

का, ते साध्या हिशोबाने कळतं. एखाद्या समाजात शंभरात दहा माणसं सिकलसेलची वाहक असतील, म्हणजे त्यांना बदललेलं जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेलं असेल, तर समाजातल्या जनुकांचा हिशोब करणाऱ्या हार्डी-वाईनबर्गच्या गणिताने प्रत्यक्ष आजार असलेली माणसं हजारात दोन-तीनच निघतात. म्हणजे आजाराच्या एका रुग्णामागे साधारण पस्तीस-छत्तीस वाहक. वाहक माणूस निरोगी असतो. नात्यातली लग्नं जास्त असतील तर हे प्रमाण थोडं बदलतं, पण चित्र तेच राहतं: शिबिरात पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी फार थोडे जण रुग्ण असतात. चिठ्ठी मात्र सगळ्यांना सारखीच मिळते, कारण शिबिरात केलेल्या चाचणीला यातला फरक कळतच नाही.

आधी रक्तात काय घडतं ते थोडक्यात. हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणारं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या सहाव्या जागेवर ‘जीएजी’ ऐवजी ‘जीटीजी’ होतं, म्हणजे अक्षर एकच बदलतं. त्यामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. या बदललेल्या हिमोग्लोबिनला ‘एस’ म्हणतात, नेहमीच्याला ‘ए’. एसमधून प्राणवायू सुटला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. शिकागोत जेम्स हेरिक यांनी या पेशींचं वर्णन १९१० साली केलं, दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दाखवलं, आणि भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये हे हिमोग्लोबिन १९५२ मध्ये सापडलं. आईवडिलांपैकी एकाकडूनच बदललेलं जनुक आलं तर माणूस वाहक, म्हणजे ‘एएस’. दोघांकडूनही आलं तर आजार, म्हणजे ‘एसएस’. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळत आलं, म्हणून हे जनुक इतकं टिकलं. याचा कुणाच्या पापाशी, करणीशी किंवा देवाच्या कोपाशी काही संबंध नाही.

आता ती चाचणी. शिबिरात जी होते ती सोल्युबिलिटी, म्हणजे हिमोग्लोबिन विरघळतं की नाही ते बघणारी चाचणी. १२ बाय ७५ मिलिमीटरच्या काचेच्या नळीत २ मिली द्रावण, त्यात २० मायक्रोलिटर रक्त. हलकेच हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं, आणि बारीक काळ्या रेघा आखलेल्या पांढऱ्या कार्डापुढे अडीच सेंटिमीटरवर नळी धरून बघायचं. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. द्रावणातलं सॅपोनिन पेशी फोडतं, सोडियम डायथायोनाइट प्राणवायू काढून घेतं, आणि फॉस्फेटच्या त्या दाट पाण्यात प्राणवायू गेलेलं हिमोग्लोबिन एस विरघळत नाही. दिसतो तो त्याचा गढूळपणा. नळीत एस आहे की नाही, एवढंच ही चाचणी सांगते. चाळीस टक्के आहे (वाहक) की ऐंशी (रुग्ण), हे सांगत नाही. स्लाइडवर सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची जुनी सिकलिंग चाचणीही याच मर्यादेची.

बरं, एवढं तरी ती दर वेळी बरोबर सांगते का? इथे चुका कुठे होतात ते तपशिलाने सांगणं भाग आहे, कारण आमच्याकडची हवा आणि आमच्याकडचे पेशंट दोन्ही या चुकांना जागा देतात.

पहिली चूक डायथायोनाइटची. ही पावडर हवेतली ओल आणि प्राणवायू खेचून घेते आणि निकामी होते. सुरगाण्याच्या पावसाळ्यात डब्याचं झाकण दोन दिवस सैल राहिलं की पावडरीचे खडे व्हायला लागतात. अशा पावडरीने बनवलेल्या द्रावणात कुणाचंही रक्त घाला, नळी स्वच्छच दिसणार. लॅबमध्ये बनवलेलं तयार द्रावणही फ्रिजमध्ये ४ अंशांवर आठवडाभरच चालतं. म्हणून रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी दोन नळ्या लावायच्या, एकात माहीत असलेल्या वाहकाचं रक्त, दुसरीत माहीत असलेलं नॉर्मल. वाहकाची नळी गढूळ झाली नाही तर ते द्रावण ओतून द्यायचं आणि काल त्याच बाटलीतून केलेल्या सगळ्या निगेटिव्ह पुन्हा तपासायच्या. ही सवय शिबिराच्या घाईत सगळ्यात आधी सुटते. फ्रिजमधलं द्रावण थेट वापरणं हीही चूकच. ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं लागतं.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. रक्तच कमी असेल तर नळीत पुरेसं हिमोग्लोबिन जात नाही आणि गढूळपणा उमटत नाही. हिमोग्लोबिन ७ किंवा त्याहून कमी असलेली गर्भवती बाई या पट्ट्यात विरळ नाही. म्हणजे ज्या बाईची तपासणी सगळ्यात महत्त्वाची, तिचीच खोटी निगेटिव्ह यायची शक्यता सगळ्यात जास्त. उपाय सोपा आहे: रक्ताची नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवून खाली बसलेल्या तांबड्या पेशींपैकी १० मायक्रोलिटर घ्यायच्या. सेंट्रिफ्यूज नसेल तर अशा बाईची सोल्युबिलिटी करूच नका, नमुना सरळ पुढच्या तपासणीला पाठवा.

तिसरी गोष्ट वयाची. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एफ, भरपूर असतं आणि एस थोडं. सोल्युबिलिटी निगेटिव्ह येते आणि घरचे निर्धास्त होतात. पुढे वर्षाच्या आत बाळाचे हातपाय सुजतात, डोळे पिवळे दिसतात, तरी ‘तपासलंय, काही नाही’ हेच चालू राहतं. चौथी गोष्ट रक्त चढवल्याची. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर नळीत अर्धं रक्त दुसऱ्याचंच असतं. आणि उलट बाजूने, रक्तात चरबी फार असेल, रक्त प्रमाणाबाहेर घातलं असेल किंवा नीट मिसळलं नसेल, तर एस नसतानाही नळी गढूळ दिसते.

थोडक्यात, पॉझिटिव्ह म्हणजे ‘पुढची तपासणी करा’, आणि निगेटिव्ह म्हणजे ‘वय, हिमोग्लोबिन आणि रक्त चढवल्याची तारीख बघून मगच विश्वास ठेवा’.

पुढची तपासणी म्हणजे एचपीएलसी, रक्तातली वेगवेगळी हिमोग्लोबिनं यंत्रात सुटी करून मोजणारी चाचणी, किंवा ते नसेल तिथे इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या प्रवाहात ती पळवून वेगळी करणं. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये अल्कलीच्या माध्यमात एस आणि डी एकाच जागी धावतात, आणि आपल्या देशात हिमोग्लोबिन डी हा आणखी एक बदललेला प्रकार सापडतो, त्यामुळे तो पट्टा एसचाच आहे हे सोल्युबिलिटीने किंवा आम्लाच्या माध्यमात पुन्हा पळवून ठरवावं लागतं. एचपीएलसीमध्ये प्रत्येक हिमोग्लोबिन वेगळ्या वेळी बाहेर पडतं आणि त्याची टक्केवारी छापून येते. आता अँटिबॉडीवर चालणाऱ्या पट्ट्याही आल्या आहेत. बोटाच्या थेंबभर रक्तात ए आहे का आणि एस आहे का हे त्या वेगवेगळं दाखवतात, तान्ह्या बाळातही चालतात, आणि पाड्यावर बसून वाहक आणि रुग्ण यांचा पहिला फरक करायला उपयोगी पडतात. थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिनची साखळीच कमी बनण्याच्या आनुवंशिक दोषाचा, वाहक मात्र त्यांना कळत नाही, आणि ते पुढे फार महत्त्वाचं ठरतं.

नमुना पाठवतानाच निम्मी कामं बिघडतात. जांभळ्या बुचाची, रक्त गोठू न देणारी ईडीटीए नळी, त्यात २ मिली रक्त, नळी बंद करून आठ-दहा वेळा हळुवार उलटीपालटी करायची. झटके देऊन हलवायची नाही, पेशी फुटतात. २ ते ८ अंशांवर ठेवायची. बर्फाला चिकटून किंवा फ्रीजरमध्ये ठेवलेलं रक्त वाया जातं. नीट ठेवलेला नमुना आठवडाभराच्या आत लावला तर काळजी नाही. आणि नाव! एका पाड्यावर एकाच आडनावाच्या चार मुली, त्यात दोघींचं नाव एकच, हे इथे रोजचं आहे. नळीवर नुसतं ‘सुनीता पवार’ लिहिलं की कुणाचा निकाल कुणाच्या कपाळी बसेल सांगता येत नाही. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, पाड्याचं नाव आणि शिबिराच्या वहीतला अनुक्रमांक नळीवरच हवा, नुसता डब्यावर किंवा यादीत नको. रक्त चढवलं असेल तर तारीख फॉर्मवर लिहायची. मुलीच्या जन्मभराचा निकाल या पाच ओळींवर टेकलेला असतो.

एचपीएलसीचा कागद हातात आला की आधी ए आणि एस यांचा सामना बघा. साध्या वाहकात ए जास्त आणि एस कमी असतं. एस साधारण ३० ते ४० टक्के. सोबत अल्फा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या, अल्फा साखळीचा दोष) असेल तर एस आणखी खाली, पंचवीसच्या आसपासही येतं. ए अजिबात नाही, एस ७० ते ९० टक्के आणि बाकीचं बहुतेक एफ, असं असेल तर आजार. आपल्याकडच्या रुग्णांत एफ बऱ्याचदा वीस टक्क्यांच्या आसपास असतं. अरब-भारतीय हॅप्लोटाइपचं, म्हणजे आपल्याकडे या जनुकासोबत येणाऱ्या डीएनएच्या ठरावीक ठेवणीचं, हे वैशिष्ट्य आहे, आणि आफ्रिकेतल्या पुष्कळ रुग्णांपेक्षा आपल्याकडच्या काहींचा आजार सौम्य असतो त्याचं हे एक कारण. पण सौम्य म्हणजे सगळ्यांचा सौम्य नव्हे. एकाच घरातल्या दोन भावांत एक महिन्याआड दवाखान्यात आणि दुसरा रोज शेतात, असं दिसतं.

आता अडचणीची जागा. कागदावर ए आहे, पण एस ए पेक्षा जास्त आहे. हा साधा वाहक नाही. एकतर रुग्णाला नुकतंच रक्त चढवलंय, नाहीतर त्याला एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने बीटा थॅलेसेमिया आलाय. दुसऱ्याला सिकल-बीटा म्हणतात, आणि तो आजारच आहे. बीटा साखळी अजिबात बनत नसेल तर ए शून्य येतं आणि कागद हुबेहूब ‘एसएस’सारखा दिसतो. अशा वेळी ए२ या रक्तात थोडंसंच असणाऱ्या हिमोग्लोबिनचा आकडा आणि तांबड्या पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, बघतात. पण एसच्या काही बदललेल्या रूपांमुळे ए२ चा आकडा मुळातच फुगतो, म्हणून निव्वळ त्यावर निकाल देऊ नये. आईवडील दोघांची एचपीएलसी केली की कोडं सुटतं: एक सिकल वाहक आणि दुसरा थॅलेसेमिया वाहक निघाला की मूल सिकल-बीटा. आईवडिलांना न तपासता मुलाच्या कागदावर ‘एसएस’ छापून मोकळं होणं मला पटत नाही. पुढच्या बाळाचा सगळा हिशोब त्या एका अक्षरावर अवलंबून असतो.

उलट चूकही होते. रक्त चढवलेल्या रुग्णाच्या कागदावर दात्याचं ए दिसतं आणि त्याला ‘वाहक’ म्हणून घरी पाठवलं जातं. रक्त चढवायच्या आधीच नळी भरून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. ते राहून गेलं असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, नाहीतर आईवडिलांची करा.

निकाल लिहिताना शब्द पुरे लिहावेत: ‘हिमोग्लोबिन एएस, सिकलसेल वाहक, आजार नाही, औषध लागत नाही, जोडीदाराची एचपीएलसी आवश्यक.’ किंवा ‘हिमोग्लोबिन एसएस, सिकलसेल आजार, नियमित उपचार आवश्यक.’ एवढं लिहायला अर्धा मिनिट जास्त लागतो.

वाहकाबद्दल आणखी एक. वाहक आहे म्हणून हिमोग्लोबिन ८ आहे, असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. निव्वळ वाहकपणाने रक्त कमी होत नाही. अशा बाईत लोहाची कमतरता, अंकुशकृमी, पाळीतला जास्त रक्तस्राव, थॅलेसेमिया हे शोधायलाच हवं. ‘वाहक’ हा शिक्का बसला की बाकीचा शोध थांबतो आणि गोळ्यांनी महिन्या-दोन महिन्यांत सुधारली असती अशी बाई वर्षानुवर्षं धापा टाकत राहते. वाहकाला क्वचित लघवीतून रक्त जाणं, आणि पाणी न पिता टोकाची मेहनत केली तर त्रास होणं, एवढं माहीत असावं. पोलिस भरतीचा सराव करणाऱ्या वाहक मुलांनी धावताना पाणी पीत राहावं. भरती सोडायची गरज नाही.

लग्नाचं गणित मी चार चिठ्ठ्यांनी सांगते. आईकडे दोन चिठ्ठ्या, ए आणि एस. बापाकडे दोन, ए आणि एस. प्रत्येक बाळ दोघांकडून एकेक उचलतं. दोन्ही ए येण्याची शक्यता २५ टक्के, एकेक येण्याची ५०, दोन्ही एस येण्याची २५. चिठ्ठ्या प्रत्येक गरोदरपणात पुन्हा वाटीत जातात. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली निघतील’ हा समज इतका घट्ट बसलेला आहे की तो दर वेळी स्वतःहून खोडून काढावा लागतो. एक वाहक आणि दुसरा नॉर्मल असेल तर एकही मूल आजारी होणार नाही. निम्मी शक्यता वाहक होण्याची. एक आजारी आणि दुसरा नॉर्मल, तर सगळी मुलं वाहक. एक आजारी आणि दुसरा वाहक, तर निम्मी शक्यता आजाराची.

यात ‘नॉर्मल’ शब्द काळजीने वापरावा लागतो, आणि मघाशी थॅलेसेमियाचा उल्लेख केला तो याचसाठी. मुलगी सिकल वाहक आहे, मुलाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली, सुपारी फुटली. पण मुलगा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे बीटा थॅलेसेमियाचा वाहक, असेल तर सोल्युबिलिटी निगेटिव्हच येणार, आणि प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता सिकल-बीटाची. म्हणून वाहकाच्या जोडीदाराची सोल्युबिलिटी नको, एचपीएलसीच हवी. ए२ चा आकडा ४ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर थॅलेसेमिया वाहक. साडेतीन ते चारच्या मधला असेल तर पेशींचा आकार आणि लोह बघून पुन्हा तपासणी. लोह फार कमी असेल तर ए२ खाली दबतं आणि वाहक निसटू शकतो. तपासणीच्या आधी नेस्ट्रॉफ्ट हा स्वस्त चाळणीचा उपाय आहे: ०.३६ टक्के मिठाच्या द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त, वीस-तीस मिनिटं थांबायचं, आणि पुन्हा तीच रेघांची युक्ती. लोह कमी असलं तरी तो पॉझिटिव्ह येतो, त्यामुळे तोही चाळणीच, निकाल नव्हे. आणि हे फक्त आदिवासी भागाचं प्रकरण समजू नये. विदर्भात सिकल इतर समाजांतही मोठ्या प्रमाणावर आहे, आणि थॅलेसेमियाचे वाहक सिंधी, लोहाणा, पंजाबी घरांत जास्त आढळतात. नाशिक शहरात ही सगळी माणसं शेजारी राहतात आणि एकमेकांत लग्नंही करतात.

दोन वाहकांनी लग्न करूच नये, असं मी म्हणत नाही. करावं की नाही हा त्यांचा निर्णय. पण तो मुलीची चिठ्ठी बघून एकतर्फी होऊ नये. आजही बोलणी मोडली की दोष मुलीकडे जातो, मुलाची तपासणी कुणी विचारतही नाही. समुपदेशन करताना दोन्ही नळ्या एकाच दिवशी काढा आणि दोन्ही निकाल एकाच बैठकीत दोघांना सांगा. सासू किंवा मामाच्या हातात एकटा कागद देऊ नका.

दिवस राहिल्यावर सगळा खेळ आठवड्यांचा होतो. दोघेही वाहक असतील आणि बाळाची तपासणी हवी असेल तर वारेचा तुकडा, म्हणजे सीव्हीएस, साधारण ११ ते १३ आठवड्यांत घेतात. गर्भजल १६ आठवड्यांनंतर. आता बघा: नोंदणी बाराव्या आठवड्यात झाली, सोल्युबिलिटी झाली, एचपीएलसीचा निकाल दोन आठवड्यांनी आला, नवरा द्राक्षाच्या कामाला निफाडकडे गेलेला, तो परत आल्यावर त्याचं रक्त, मग त्याचा निकाल. तोवर सतरा-अठरा आठवडे झालेले असतात. त्यात एक बाजू थॅलेसेमियाची असेल तर आधी नेमका कोणता बदल आहे हे डीएनएवरून शोधावं लागतं, कारण बीटा थॅलेसेमियाचे बदल अनेक आहेत. सिकलचा एकच, त्यामुळे ते काम लवकर होतं. हे सगळं टाळायचं तर पहिल्याच भेटीत, सहा ते आठ आठवड्यांत, नवराबायको दोघांचं रक्त एकाच वेळी घ्या. आधी बायकोचं, ते पॉझिटिव्ह आलं तर नवऱ्याचं, ही पायरी शहरात चालते. हातरुंडी किंवा हर्सूलच्या पलीकडच्या पाड्यावरून येणाऱ्यांना ती परवडत नाही.

अशी तपासणी मुंबईत परळच्या केईएम आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत होते. हिमोग्लोबिनचे आजार हे गर्भाच्या तपासणीचं वैध कारण म्हणून गर्भलिंग तपासणीला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यातच लिहिलेलं आहे. लिंग सांगायला बंदी आहे आणि नोंदणीकृत केंद्रातच तपासणी करता येते. बाळ ‘एसएस’ निघालं तर पुढे काय, हे जोडप्याने ठरवायचं. २० आठवड्यांपर्यंत गर्भपाताला एका डॉक्टरचं मत लागतं. त्यानंतर अटी वाढतात. समुपदेशकाने आजार किती गंभीर असू शकतो आणि किती सौम्य, दोन्ही सांगायचं आणि गप्प बसायचं.

आजार असलेल्या बाळासाठी पहिली पाच वर्षं धोक्याची, कारण प्लीहा लवकर निकामी होते आणि न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत बाळ नेतात. म्हणून तीन वर्षांपर्यंत पेनिसिलिन १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग पाच वर्षांपर्यंत २५० मिलिग्रॅम दोनदा. न्यूमोकोकलची लस सरकारी लसीकरणात सहावा आठवडा, चौदावा आठवडा आणि नवव्या महिन्यात मिळते. दोन वर्षांनंतर वेगळी पॉलिसॅकराइड लस द्यावी. ताप १०१ च्या वर गेला तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा. आईला पोटाच्या डाव्या बाजूला बरगडीखाली प्लीहा चाचपायला शिकवा. ती अचानक वाढली आणि बाळ पांढरं पडलं तर रक्त प्लीहेत साठतंय, हा तातडीचा प्रसंग आहे. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात लुळा पडणं, छातीत दुखून धाप लागणं, यांतही तेच.

सिकलच्या रुग्णाला रोज घ्यायला देतात त्या हायड्रॉक्सीयुरिया या औषधाबद्दल लोकांच्या मनात भीती आहे, कारण ते कॅन्सरवरही वापरतात. सिकलमध्ये त्याचं काम एफ वाढवणं. सुरुवात किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. ४० किलोच्या मुलाला ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे साधारण १२. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि दुसऱ्या महिन्यात ‘काही गुण नाही’ म्हणून सोडणारे इथेच निसटतात. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्ताची मोजणी, बस्तान बसल्यावर तीन महिन्यांनी. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट खाली आल्या तर डॉक्टर थांबवतात, आकडे सुधारले की कमी मात्रेत पुन्हा सुरू. स्वतःहून बंद करू नका. दिवस राहण्याचा विचार असेल तर नवराबायको कुणीही ही गोळी घेत असो, आधी डॉक्टरांना सांगा.

औषध तुटतं ते बहुतेक स्थलांतरात. ऑक्टोबर छाटणीनंतर पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली जाणाऱ्यांपैकी असतो. पहाटे घड बुडवायच्या कामात हात तासन्‌तास जीएच्या (द्राक्षमणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडच्या) थंड पाण्यात. सिकलच्या रुग्णाला रक्तवाहिन्या आखडून वेदनेचा झटका यायला एवढं पुरतं. त्याला डिपिंगऐवजी ऊन वर आल्यावरची कामं द्यावीत, हे मुकादमाला सांगता आलं पाहिजे. एप्रिलच्या खरड छाटणीत उलट त्रास: ऊन आणि पाणी कमी. मोठ्या माणसाने दिवसाला तीन लिटर तरी पाणी प्यावं. झटका आला तर शेक द्या, बर्फ कधीच नको. निघताना गावच्या आरोग्य केंद्रातून दोन महिन्यांच्या गोळ्या, फॉलिक ॲसिड आणि निकालाची प्रत सोबत घ्या. रक्ताची मोजणी कामाच्या गावाजवळच्या केंद्रातही होते.

आश्रमशाळेत एक पथ्य पाळावं. निकालांची यादी फळ्यावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर जाऊ नये. रुग्ण मुलांची नावं अधीक्षक आणि सिस्टर यांना माहीत हवीत, कारण रात्री ताप आला तर त्यांनाच धावायचंय. वाहक मुलांची नावं वर्गशिक्षकांना कळायची काही गरज नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे, त्यामुळे रुग्णाला प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. वाहकाला नाही, कारण तो आजारी नाही.

जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे, म्हणून एकाच माणसाची तीन-तीन शिबिरांत सोल्युबिलिटी होताना दिसते. त्याची गरज नाही. वर्ष उलटलेल्या, रक्त न चढवलेल्या माणसाची एचपीएलसी एकदा नीट झाली की निकाल जन्मभर तोच राहतो. अस्थिमज्जा बदलली तरच तो बदलतो. कार्ड हरवलं तर नवं रक्त काढण्याआधी ज्या केंद्रात तपासणी झाली तिथली वही बघा, शिबिराची तारीख आणि अनुक्रमांक सांगितला की नोंद सापडते. आणि पहिल्या दिवशीच त्या कागदाचा फोटो काढून घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा, एक मुलीच्या स्वतःच्या.